घनदर्शी छायाचित्रांचा व्यापार आणि हिंदुस्थान : विसाव्या शतकाच्या आरंभीचे एक प्रकरण

हिंदुस्थानच्या सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून जुन्या छायाचित्रांचा उपयोग करण्याची प्रवृत्ती अलीकडे वाढली आहे आणि ती स्वागतार्ह आहे. अमेरिकेतील व इंग्लंडातील ग्रंथालयांनी आपले संग्रह संगणकावर खुले केल्यापासून १९०० च्या आसपासची मुंबई, काशी किंवा दिल्ली यांची शेकडो चित्रे विद्यार्थ्यास घरबसल्या पाहावयास मिळतात. यांतील पुष्कळशी चित्रे जोडचित्रे असतात, म्हणजे एकाच पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवलेल्या, वरवर पाहता अगदी सारख्या अशा दोन प्रतिमा. प्रबंधात ती छापताना बहुधा त्यांतील एक प्रतिमा कापून घेतली जाते, पुठ्ठ्याच्या कडा गाळल्या जातात आणि पाठीमागील मजकुराकडे तर कोणी पाहतही नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की जे गाळले जाते तेच इतिहासकाराच्या अधिक उपयोगाचे आहे. ही चित्रे प्रथम विकाऊ माल होती, पुरावा ती नंतर झाली. माल कोणी तयार केला, कोणासाठी केला व कसा विकला हे समजल्यावाचून पुराव्याचे मोल ठरविता येत नाही.

या चित्रांना इंग्रजीत जे नाव आहे त्याला सर्वमान्य मराठी प्रतिशब्द नाही. या लेखापुरते पुठ्ठ्यावरील जोडचित्रास घनचित्र व ते पाहण्याच्या उपकरणास, म्हणजे स्टिरिओस्कोपला, घनदर्शक म्हटले आहे. मूळ तत्त्व सोपे आहे. माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे अडीच इंचांचे अंतर असते. त्यामुळे प्रत्येक डोळ्याला जवळची वस्तू थोडी वेगळ्या बाजूने दिसते व या दोन दृश्यांच्या मिलाफातून खोलीचा प्रत्यय येतो. चार्ल्स व्हीट्स्टन याने १८३८ साली आरशांच्या साह्याने हे सिद्ध केले. डेव्हिड ब्रूस्टर याने १८४९ च्या सुमारास भिंगांचे आटोपशीर उपकरण सुचविले. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात ते व्हिक्टोरिया राणीच्या पसंतीस उतरले आणि मग त्याचा प्रसार फार झपाट्याने झाला. लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी १८५४ साली निघाली. अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स या वैद्य-लेखकाने १८५९ मध्ये या चित्रांवर एक उत्साहपूर्ण निबंध लिहिला व पुढे हातात धरण्याजोगा एक स्वस्त घनदर्शक तयार केला. त्याचे एकस्व त्याने घेतले नाही. व्यापाराच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली, कारण ते उपकरण कोणीही बनवू लागला आणि नफा चित्रांच्या विक्रीवर येऊन ठेपला.

हिंदुस्थानात छायालेखनाची विद्या याच सुमारास रुजली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही मुंबईच्या आरंभीच्या छायाचित्रकारांतील ठळक नावे होत. तेव्हा ही कला आपल्याकडे उशिरा आली असे म्हणता येत नाही. उशीर कशाचा झाला असेल तर तो छायाचित्राच्या घाऊक व्यापाराचा, आणि तो व्यापार अमेरिकेत कसा उभा राहिला हे पाहिले म्हणजे त्याचे कारणही दिसू लागते.

एल्मर आणि बर्ट अंडरवुड हे दोघे भाऊ कॅन्सस संस्थानातील ओटावा या लहान गावी १८८० नंतरच्या पहिल्या दोन वर्षांत या धंद्यात पडले. आरंभी ते दुसऱ्यांची चित्रे दारोदार विकीत. १८९१ मध्ये त्यांनी आपले मुख्य ठाणे न्यूयॉर्कला हलविले आणि मग स्वतःचे छायाचित्रकार जगभर धाडण्यास आरंभ केला. १९०१ च्या सुमारास त्यांच्या कारखान्यात दररोज पंचवीस हजार घनचित्रे व वर्षाकाठी तीन लाख घनदर्शक तयार होत, असा आकडा या विषयावरील लेखनात वारंवार येतो. त्यांचा प्रतिस्पर्धी बी. एल. सिंगली याने पेन्सिल्व्हेनियातील मीडव्हिल येथे १८९२ साली कीस्टोन व्ह्यू कंपनी काढली. व्हरमाँट संस्थानातील बेनिंग्टन येथील एच. सी. व्हाइट कंपनीही मोठी होती.

एवढा माल खपला तो दुकानांतून नव्हे. या कंपन्यांचे विक्रेते बहुतांशी महाविद्यालयीन विद्यार्थी असत. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांना एकेक तालुका नेमून दिला जाई आणि त्या कमाईवर त्यांचे पुढील वर्षाचे शुल्क भागे. त्यांना छापील सूचना असत. गावात गेल्यावर प्रथम धर्मोपदेशक, शाळामास्तर, पेढीवाला अशा प्रतिष्ठितांची मागणी नोंदवावी, त्यांची नावे वहीत वरच्या बाजूस येतील असे पाहावे, आणि मग ती वही घेऊन शेतकऱ्याच्या दारी जावे, असा त्यांचा क्रम असे. उपकरण ग्राहकाच्या हाती द्यावे, चित्र लावावे व स्वतः गप्प राहावे, कारण पुढचे काम चित्र करते. या फेरीत फक्त मागणी घेतली जाई. काही आठवड्यांनी दुसऱ्या फेरीत माल पोचवून पैसे वसूल होत.

हा क्रम वाचताना आपल्याकडील वाचकाला एक प्रश्न सहजच सुचावा. भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागातील, आजच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरी हे गाव उदाहरणादाखल घ्या. १९०० च्या सुमारास मध्यप्रांतातील अशा गावी मालगुजार होता, पटवारी होता, कोठे कोठे शाळामास्तरही होता. म्हणजे वहीच्या माथ्यावर लिहिण्याजोगी दोन-तीन नावे निघाली असती. परंतु त्यांच्याखाली ज्याचे नाव यावयाचे तो कास्तकार अमेरिकेतील शेतकऱ्यासारखा रोख पैसा हाती असलेला व छापील मजकूर वाचणारा नव्हता. धानाच्या एका पिकावर आणि तलावाच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या या मुलखाने १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ नुकतेच सोसले होते. नागपुराहून पूर्वेकडे जाणारा बंगाल-नागपूर रेल्वेचा रस्ता भंडारा जिल्ह्याच्या उत्तर भागातून जात होता, पण रेल्वे आली म्हणजे बाजार आला असे होत नाही. दोन फेऱ्या करून, उधारीवर, दारोदार विकावयाचा हा माल अशा वाटेने येण्यास व्यापारी कारणच नव्हते.

कारण नव्हते हे केवळ अनुमान नाही. त्याला खुद्द मालावरचाच पुरावा आहे. अंडरवुड कंपनीच्या या काळातील घनचित्रांच्या पाठीवर चित्राचे नाव सहा भाषांत छापलेले असे. त्या भाषा म्हणजे इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, स्वीडिश व रशियन. चित्र काशीच्या घाटाचे असो, मुंबईच्या रस्त्याचे असो की चीनमधील एखाद्या वेशीचे असो, भाषा त्याच सहा. त्यांत मराठी नाही, हिंदी नाही, बंगाली नाही आणि चिनीही नाही. पुठ्ठ्याच्या कडेवर कंपनीची ठाणी छापलेली असत, ती न्यूयॉर्क, लंडन, टोरोंटो व कॅन्ससमधील ओटावा ही. एखाद्या पेढीची खातेवही नष्ट झाली तरी तिची गिऱ्हाइके कोण होती हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा पुरावा क्वचितच मिळेल. ज्याचे चित्र काढले तो माणूस या सहा भाषांपैकी एकही वाचणारा नव्हता, आणि त्याने ते चित्र पाहावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

हिंदुस्थानची चित्रे काढणारा या कंपनीचा मुख्य माणूस जेम्स रिकल्टन. त्याचा जन्म १८४४ चा. न्यू जर्सीमधील मेपलवुड येथे तो अनेक वर्षे शाळामास्तर होता आणि सुट्यांत पायी प्रवास करण्याचा त्याला छंद होता. एडिसनने १८८८ मध्ये विजेच्या दिव्यातील तंतूसाठी योग्य बांबू शोधण्याकरिता त्याला पूर्वेकडे पाठविले व त्या शोधात तो सिंहलद्वीप आणि हिंदुस्थान हिंडला. (भंडाऱ्यासारख्या बांबूच्या मुलखातील वाचकास ही हकीकत पुष्कळच रंजक वाटेल, पण ती आपल्या विषयाबाहेरची आहे.) पुढे शिक्षकी सोडून तो अंडरवुडचा प्रवासी छायाचित्रकार झाला. १९०० चे चीनमधील बंड आणि १९०४-०५ चे रूस-जपान युद्ध यांची त्याने काढलेली घनचित्रे त्या काळी फार खपली. हिंदुस्थानावरील त्याचा शंभर चित्रांचा संच व त्यासोबतचे पुस्तक १९०७ मध्ये न्यूयॉर्कहून प्रसिद्ध झाले. तो १९२९ साली वारला.

या संचाची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. चित्रांची पेटी पुस्तकाच्या आकाराची असे. ती कपाटात ग्रंथांच्या ओळीत उभी राही व तिच्या पाठीवर देशाचे नाव सोनेरी अक्षरांत दिसे. सोबतच्या पुस्तकात नकाशे असत. या नकाशांच्या पद्धतीचे कंपनीने एकस्व घेतले होते. प्रत्येक चित्राचा क्रमांक नकाशावर छायाचित्रकार जेथे उभा होता त्या बिंदूवर मांडलेला असे आणि तेथून निघणाऱ्या दोन रेषा चित्रात किती प्रदेश मावला आहे ते दाखवीत. पुस्तकातील मजकूर वाचकाला थेट उद्देशून लिहिलेला असे : आता आपण अमुक ठिकाणी उभे आहोत, आपले तोंड ईशान्येस आहे, डावीकडे पाहा. खुर्चीवरून न उठता केलेला हा प्रवास होता. कंपनी विकत होती ती चित्रे नव्हे, तर आपण तेथे जाऊन आलो ही भावना. हे ज्याने ओळखले तो व्यापारी खरोखर कुशल म्हटला पाहिजे.

मात्र या युक्तीने कशाचे चित्र काढावयाचे हेही ठरून गेले. प्रवास म्हटला की त्याला रस्ता हवा, आणि तो रस्ता साहेबी प्रवाशाच्या नेहमीच्या रेल्वेमार्गाने जाणार. मुंबई, दिल्ली, आग्रा, काशी ही ठिकाणे म्हणूनच पुनःपुन्हा येतात. ताजमहाल तर कोणत्याच कंपनीने सोडला नाही.

घनचित्राचे तंत्रही चित्रातील आशयावर दाब आणीत होते, आणि इकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. खोलीचा प्रत्यय जवळच्या वस्तूंनीच येतो. दूरचा डोंगर किंवा क्षितिजावरील शिखर दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसते. त्यामुळे केवळ दूरचे दृश्य घेतले तर घनदर्शकातून ते साध्या चित्राइतकेच सपाट भासते व ग्राहक निराश होतो. यास्तव छायाचित्रकाराला अगदी पुढे, आठदहा हातांवर, काहीतरी उभे करावे लागे. झाडाची फांदी, गाडीचे चाक, विहिरीचा कठडा यांपैकी काही मिळाले तर ठीक, नाहीतर माणूस. हिंदुस्थानातील घनचित्रांत लेण्याच्या तोंडाशी, घाटाच्या पायरीवर किंवा रस्त्याच्या कडेला जो कोणी एकटा, कॅमेऱ्याकडे पाहत उभा दिसतो तो पुष्कळदा या कारणाने तेथे आहे. तो त्या स्थळी नेहमी असे, किंवा त्याचा त्या स्थळाशी काही संबंध होता, असे गृहीत धरून त्याच्या वेषावरून व जातीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. तो दृश्यातील अंतर मोजण्याचा दांडा होता. दोन भिंगांमधील अंतर मुद्दाम वाढवूनही खोली अतिशयित करता येते. मग इमारती आहेत त्याहून उंच, दऱ्या आहेत त्याहून खोल भासतात. तेव्हा या चित्रांचा वास्तवपणा म्हणून जो वाखाणला गेला तोही अंशतः कारागिरीचाच भाग होता.

लंडनचा एक व्यापारी मात्र वेगळ्या वाटेने गेला. हिल्टन डीविट गर्डवुड हा मूळचा कॅनडाचा. त्याने आधी अंडरवुडसाठी काम केले व पुढे रिअलिस्टिक ट्रॅव्हल्स या नावाची स्वतःची कंपनी काढली. तिच्या पुठ्ठ्यांवर जी ठाणी छापलेली आढळतात ती लंडन, केपटाउन, मुंबई, मेलबर्न व टोरोंटो अशी आहेत. येथे मुंबईचे नाव प्रथमच मालावर चढलेले दिसते. शेजारची नावे पाहिली म्हणजे त्याचा अर्थ उघड होतो. ही ब्रिटिश साम्राज्याची यादी आहे, आणि या यादीतील मुंबई म्हणजे फोर्टातील साहेबांची व त्यांच्याशी व्यवहार असलेल्या धनिकांची मुंबई होय, असे मानण्यास हरकत दिसत नाही. १९११ चा दिल्ली दरबार हे गर्डवुडच्या मालाचे मुख्य आकर्षण होते. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, तो फ्रान्समधील हिंदी सैन्याची चित्रे घेण्यास गेला व तेथील चलच्चित्रांचा त्याचा बोलपट नव्हे तर अर्थातच मूकपट १९१६ मध्ये दाखविला गेला. त्या आघाडीवर खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या तुकड्या होत्या, म्हणजे महाराष्ट्राचा या चित्रांशी संबंध केवळ दूरचा नाही. परंतु गर्डवुडची लढाईची म्हणून विकलेली बरीच दृश्ये आघाडीच्या मागे, सैनिकांकडून मुद्दाम वठवून घेतलेली होती, हे आता अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. खंदकातून उसळी मारणारा शिपाई खरा, त्याचा गणवेश खरा, पण समोर शत्रू नाही. युद्धेतिहासाच्या ग्रंथांत ही चित्रे अद्याप सरळ पुरावा म्हणून छापली जातात.

मग याच काळात मराठी घरात चित्र पोचतच नव्हते काय? तसे मुळीच नाही. पुण्याची चित्रशाळा १८७८ पासून शिळाछापाची चित्रे काढीत होती. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वतींनी भिंती व्यापल्या. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९० नंतरच्या काळात काचेवर रंगविलेल्या चित्रांचा 'शांबरिक खरोलिका' हा खेळ सुरू केला व तो गावोगाव नेला. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे आली, आणि हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रण केलेही. व्ही. पी. ची टपालसोय १८७७ पासून असल्याने दुर्गम खेड्यातही औषधांपासून पुस्तकांपर्यंत सर्व काही मागविता येत होते. जत्रेत चित्रांची पेटी घेऊन येणारा माणूस तर पुष्कळ ठिकाणी परिचयाचा होता.

म्हणजे मार्ग होते, गिऱ्हाईकही होते. फरक चित्र पाहण्याच्या रीतीत होता. घनदर्शक एका वेळी एकाच माणसाचे उपकरण आहे. ते डोळ्यांना लावले की पाहणारा भोवतालच्या माणसांपासून तुटतो. भिंतीवरील तसबीर, पडद्यावरील खरोलिका आणि जत्रेतील पेटी यांभोवती माणसे गोळा होतात, सांगणारा सांगतो, ऐकणारे हुंकार देतात. पेटीला भोके असतात, पण तीन-चार असतात आणि दाखविणारा वर बोलत असतोच. आपल्याकडे चित्राचा व्यापार जेथे जेथे वाढला तेथे तेथे त्याला असे सांगणे व गोळा होणे यांची जोड होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. घनचित्राच्या पाठीवरील छापील मजकूर त्या सांगणाऱ्याची जागा घेऊ पाहत होता, आणि तो परक्या भाषेत होता. किंमत व गरिबी ही कारणे खरीच, परंतु केवळ त्यांनी उलगडा होत नाही. मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू मराठी घरांतही रविवर्म्याच्या तसबिरीने जे स्थान मिळविले ते घनदर्शकाला मिळाले नाही.

अमेरिकेतील धंदाही पुढे ओसरला. चित्रपोस्टकार्डे, कोडॅकचे १९०० पासूनचे स्वस्त 'ब्राउनी' कॅमेरे व नंतर चलच्चित्रे यांनी त्याचे गिऱ्हाईक ओढून घेतले. त्यातच काही घराण्यांनी रंगीत छापाची हलकी घनचित्रे टपालाने विकण्यास आरंभ केल्याने मालाची प्रतिष्ठा गेली. अंडरवुड कंपनीने १९१२ पासून सुमारे दहा वर्षांत आपल्या घनचित्रांच्या निगेटिव्ह टप्प्याटप्प्याने कीस्टोनला विकल्या. कीस्टोनने घरे सोडून शाळा धरल्या. सहाशे चित्रांचा शालेय संच करून भूगोलाचे साधन म्हणून तो खपविला, आणि एकोणीसशे तीसच्या दशकापर्यंत तग धरला.

कालनिर्णयाचा सर्वांत मोठा घोटाळा येथेच उत्पन्न होतो. कीस्टोनने अंडरवुडच्या जुन्या काचा फेकून दिल्या नाहीत. नवे क्रमांक देऊन, बहुधा त्यांमागे 'व्ही' हे अक्षर जोडून, नवा मजकूर छापून त्या पुन्हा बाजारात आणल्या. परिणामी रिकल्टनच्या वेळचा हिंदुस्थान पंधरावीस वर्षांनंतर अमेरिकेतील शाळकरी मुलांना 'आजचा हिंदुस्थान' म्हणून शिकविला गेला. असहकारितेची चळवळ होऊन गेली होती, गिरण्यांतील संप गाजत होते, आणि तिकडच्या वर्गात मात्र त्याच पायऱ्यांवर तोच माणूस उभा होता. ज्या पिढीने पुढे अमेरिकेची परराष्ट्रनीती चालविली तिच्या मनात हिंदुस्थानचे कोणते चित्र होते याचा विचार करताना हे साधन उपेक्षून चालणार नाही.

अभ्यासकाच्या दृष्टीने व्यावहारिक अडचण अशी, की पुठ्ठ्यावर जे साल असते ते स्वामित्वहक्काच्या नोंदीचे असते, चित्र घेतल्याचे नव्हे. दोहोंत काही महिन्यांचे किंवा काही वर्षांचेही अंतर पडू शकते. छायाचित्रकाराचे नाव पुष्कळदा नसतेच, कारण तो पगारी नोकर आणि माल कंपनीचा. म्हणून एखादे चित्र १९०३ चे आहे असे लिहिण्यापूर्वी कंपनीचे नाव, क्रमांक, ठाण्यांची यादी, पाठीवरील भाषा, पुठ्ठ्याचा रंग व बाक, या सर्वांची नोंद घ्यावी. त्याच दृश्याची दुसऱ्या कंपनीच्या नावाची प्रत आहे काय तेही शोधावे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हक्कनोंदणीसाठी दिलेल्या प्रती आहेत, न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात रॉबर्ट डेनिस संग्रह आहे, आणि कीस्टोनच्या अडीच लाखांच्या आसपास निगेटिव्ह कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संग्रहालयात १९७७ पासून आहेत. या तिन्ही ठिकाणच्या हिंदुस्थानविषयक चित्रांची एकत्र, क्रमांकवार सूची करणे हे पदव्युत्तर प्रबंधास पुरेसे काम आहे. सूची करताना मध्यप्रांत व वऱ्हाड यांतील एखादे स्थळ आढळल्यास त्याची वेगळी नोंद ठेवावी. प्रवाशाच्या रस्त्यावरून कॅमेरा नेमका कोठे वळला आणि कोठे वळला नाही, हे त्यावरून नकाशावर मांडता येईल.